नेमकं कुठलं किरकोळ?

ऑफिसात त्याला सगळे ‘किरकोळ’ म्हणत. प्रोग्राममध्ये काही बदललं की तो बदल जपून ठेवताना चार शब्द लिहायचे असतात, काय बदललं आणि का. त्याला कमिट मेसेज म्हणतात. हा गृहस्थ दर वेळी लिहायचा, ‘किरकोळ बदल’, आणि हात झटकून मोकळा व्हायचा.

भोगायचं मात्र बायकोने. दोघं सुट्टीवर निघाली की त्यांच्या ऑफिसातला बसच्या तिकिटांचा प्रोग्राम हमखास गंडायचा आणि ऑफिसातून फोन यायचा, "अरे बाबा, यातलं नेमकं कुठलं किरकोळ?" मागच्या खेपेला तर अर्ध्या वाटेतून परतावं लागलं. या वेळी तिने निक्षून सांगितलं, "पुन्हा फोन आला तर तू खुशाल परत जा. मी एकटी पुढे जाईन." ती थट्टा करत नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने न्हाणीघराचं अडकणारं दार दुरुस्त केलं.

"काय केलंस?" तिने विचारलं.

"किरकोळ गं."

"नीट सांग. उद्या तू नसताना अडकलं तर मी काय करू?"

त्याची ट्यूब पेटली. ऑफिसात मेसेज लिहायच्या जागी नुसती रिकामी चौकट असायची. तिथे त्याने बायकोचाच प्रश्न टाकला, ‘उद्या तू नसताना हे अडकलं तर आम्ही काय करू?’ ‘किरकोळ’ हा शब्द तर चौकट घेणारच नाही, अशी सोय केली. शिवाय उत्तर प्रोग्रामच्या बदललेल्या ओळीशेजारीच ठळक दिसू लागलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. ऑफिसातल्या सर्वांत जुन्या, ‘आजोबा’ म्हणवणाऱ्या प्रोग्रामरने लिहिलं, ‘देवाचा धावा करा.’ चौकटीने ते मुकाट्याने घेतलं.

मग दोघं सुट्टीवर गेली. दुसरा दिवस उजाडला तरी फोन नाही. याला घास गोड लागेना. शेवटी लॉजच्या जिन्यात जाऊन त्यानेच फोन लावला.

"सकाळी एका सीटवर दोघांना तिकीट गेलं होतं," आजोबा म्हणाले. "तुझा मेसेज वाचला, निस्तरलं. तू कशाला फोन केलास?"

तो खोलीत आला तो तोंड पाडूनच.

"काय झालं?"

"किर..." तिचे डोळे पाहून त्याने शब्द गिळला. "माझ्यावाचून त्यांचं काहीच अडलं नाही गं."

"माझं अडलंय," ती म्हणाली. "या बॅगेची चेन लागत नाहीये. आणि काय केलंस ते अजिबात सांगू नकोस."