चुरलेला लाडू

हरेशचं लग्न झालं ते अठ्ठ्याण्णव साल. त्याच मांडवात मुरबाडकडच्या नथूनं हरेशची थोरली बहीण वत्सला पाहिली. ती सत्तावीस वर्षांची, किन्हवलीच्या बालवाडीत शिकवायची. पुढे आलेल्या दातांपायी दोन स्थळं फिरली होती. नथू म्हणाला, "दात सरळ करून घ्या. मी थांबतो."

शहापूरला महिन्यातून एकदा कल्याणहून दातांचा डॉक्टर येई. त्यानं तार बसवली. तार आवळली की चार दिवस पेजेवर काढायचे. बाप कमळू बैलांचा दलाल. तो दर खेपेला एसटीत तिच्या शेजारी बसायचा. "म्हसाच्या बैलबाजारात आमी पण आधी जबडाच उघडतो गो," म्हणून तिला हसवायचा.

"तोंडाला कुंपण घातलंस का गो? कोणाचं ढोर शिरतंय?" बाया चिडवायच्या. वत्सला तोंडावर पदर न घेता हसायची. नथू थांबला होता ना.

"नथूचा काय निरोप, बाबा?"

"थांबलाय. तू तार सांभाळ."

पुढच्या उन्हाळ्यात बैल बघायला म्हणून बाप मुरबाडला गेला आणि बुंदीचे लाडू घेऊन आला. तारेत अडकेल म्हणून त्यानं एक लाडू स्वतःच्या मुठीत चुरला, दुधात भिजवून तिला दिला. तिनं वाटी पुसून खाल्ली.

दोन वर्षांनी तार निघाली. त्या पौषात ती बापाबरोबर म्हसाच्या जत्रेला गेली. कमळू एका खोंडाचे दात बघत होता, तेवढ्यात नथू समोर आला. कडेवर पोर, मागे बायको.

"काय मामा! माझ्या लग्नात जेवून गेलात ते परत आलाच नाय. घरी लाडू आवडले ना?"

वत्सलाकडे नजर गेली तसा तो पोराचं टोपरं सारखं करत गर्दीत निघून गेला. कमळू खोंडाचा जबडा धरून तसाच उभा होता.

"तो लाडू मला खायला घातलात, बाबा?"

"सांगितलं असतं तर तार मधेच काढून टाकली असतीस. दात तरी सरळ झाले ना गो?"

"दात माझे होते. काढायची का ठेवायची, मी बघितलं असतं."

ती वेगळ्या गाडीनं घरी आली. पुढे तिनं त्याला रोज वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात पाय चेपले. पण त्याच्यासमोर ती कधी हसली नाही. तो खोंडांच्या गमती सांगायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

कमळू दोन हजार चार साली, म्हसाची जत्रा भरली त्याच्या चौथ्या दिवशी, छातीत कळ येऊन वारला.