एकशे सतरावा प्रश्न

एक नापास कमी झाला, तेव्हा रहिमान शिकलगारच्या कपाळावर घाम आला.

पडद्यावरची शेवटची ओळ स्वच्छ होती. हजारो चाचण्या झाल्या, नापास एक. रहिमाननं चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. एकच. वीस वर्षांत त्यानं नऊ मशीनवर हे काम केलं होतं आणि दर वेळी नापास दोन यायचे. दोन आले म्हणजे सगळं ठीक, असं त्यानं स्वतःच्या वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

"चाचा, च्या निवतोय," पंपघराचा ऑपरेटर बिरदेव दारातून म्हणाला.

"एकच आलाय रं."

"काय?"

"नापास."

"मग पेढं वाटा की. आमच्या पुतणीचं तीन विषय ऱ्हायल्यात, तरी ती मोबाइल सोडत न्हाई."

रहिमान हसला नाही. खिडकीखाली कृष्णा वाहत होती, चहाच्याच रंगाची. घाटाच्या कालच दिसणाऱ्या दोन पायऱ्या आज दिसत नव्हत्या.

सातारा ते सांगली नदीकाठच्या एक्केचाळीस गावांच्या उपसा सिंचन संस्थांचा एक संघ होता. रहिमान त्याच्या साताऱ्याच्या कचेरीत चौऱ्याण्णव साली टंकलेखक म्हणून लागला. टंकयंत्र गेलं, कॉम्प्युटर आला, आणि त्या टेबलाशी जो बसला होता तो आपोआप कॉम्प्युटरवाला झाला. रहिमानचा बाप सायकलला धारेचं चाक जोडून गावोगाव विळे-कात्र्यांना धार लावायचा, आणि धार लागली की नाही ते अंगठा फिरवून बघायचा. रहिमानच्या धंद्यात अंगठा फिरवण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळं आपण जे करतो ते खरंच झालं की नुसतं झाल्यासारखं दिसतंय, ही भीती तो गेली वीस वर्षं डब्याबरोबर कचेरीत आणत होता आणि डब्याबरोबर परत नेत होता.

काम तसं एकच होतं. नदी चढली की काठावरच्या मोटारी वेळेत वर ओढाव्या लागतात. उशीर झाला तर मोटार बुडते, आणि फार उशीर झाला तर ओढणाराही. पाच सालच्या पुरानंतर अध्यक्ष आप्पासोंच्या पुतण्यानं, ऋषिराजनं, सुट्टीत येऊन एक प्रोग्राम लिहिला. धरणातून किती पाणी सुटलं त्याचे दर तासाचे आकडे त्यात भरायचे. प्रोग्राम सहा तासांच्या पाण्याची बेरीज करायचा, आधीच्या बेरजेशी ताडून बघायचा आणि गावोगावच्या ऑपरेटरना आपोआप फोन लावायचा. सांगण्या तीनच होत्या. 'मोटारी वर घ्या.' 'मोटारी सोडा, माणसं वर या.' आणि 'पाणी उतरतंय, कामाला हरकत नाही.'

पण प्रोग्रामची भाषा मशीनला थेट कळत नसे. मध्ये एक दुभाष्या बसवावा लागे. आयते दुभाषे इंटरनेटवर फुकट मिळत, पण ऋषिराजच्या प्रोग्रामचं त्यांच्याशी पटत नसे. त्याला जुनाच हवा. आणि तो जुना दर नव्या मशीनवर मूळ सोर्सपासून, म्हणजे त्याच्या लिहिलेल्या कोडपासून, नव्यानं घडवावा लागे. घडवण्याआधी तो मशीन चाचपून बघे आणि मग प्रश्न विचारायला बसे. मुलगी बघायला आलेली मंडळीही इतकं विचारत नसतील. चांगले दोनशेच्या वर. प्रत्येक प्रश्नापुढं त्यानंच कंसात आपलं उत्तर सुचवलेलं असे. पटलं तर नुसतं एंटर दाबायचं. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच, आपण फक्त मंजूर म्हणायचं. सहकारात आयुष्य काढलेल्या माणसाला ही पद्धत नवी नव्हती.

परदेशी जाताना ऋषिराजनं रहिमानला शेजारी बसवून सगळं करून दाखवलं. "सगळीकडं एंटर मारा, चाचा. फक्त तीन ठिकाणी मी सांगतो ते घाला. घडून झाला की तो स्वतःच्या चाचण्या घेईल. त्यात दोन नापास येतील, ते नेहमीचेच. सोडून द्या." रहिमाननं दोनशे पानी वहीत प्रश्नाच्या क्रमांकासह सगळं उतरवून घेतलं. 'का' असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते कळलं नसतं. ऋषिराज गेला. आता तो फक्त वाढदिवसाच्या केकमागं उभा दिसायचा, मोबाइलवर.

साताऱ्यात वीज गेली तर दुसरं मशीन असावं, म्हणून सांगलीच्या पंपघरात हे नवं मशीन आलं होतं. सकाळच्या एसटीनं रहिमान वही घेऊन उतरला आणि कामाला लागला. फोन लावणारी पेटी मात्र साताऱ्यालाच होती; इथली यायला आठवडा होता.

आता त्यानं वही उघडली आणि बोटानं एकेक ओळ ताडत गेला. पहिली जागा बरोबर. तिसरीही बरोबर. चूक मधल्या जागी होती. एकशे सतरावा प्रश्न. वहीत होतं चार. पडद्यावरच्या नोंदीत होतं आठ.

त्याला आठवलं. त्याच वेळी बिरदेव साखर किती म्हणून विचारायला आला होता, आणि 'एकच' म्हणता म्हणता हातानं एंटर दाबलं होतं. मशीननं सुचवलेलं उत्तर तसंच गेलं.

म्हणजे चूक सापडली. सगळं पुसायचं, पुन्हा घडवायचं, चार घालायचं, दोन नापास आणायचे आणि तीनच्या एसटीनं साताऱ्याला जायचं. रहिमानला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अर्धा मिनिट टिकलं.

चुकीचं उत्तर घातल्यावर नापास वाढायला हवेत. कमी कसा झाला?

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं एकशे सतराव्या प्रश्नाच्या वरचा मजकूर वाचला. तिथं चार ओळींत सगळं सांगितलेलं होतं, अगदी समजुतीनं. या मशीनवर पूर्ण आकड्याला किती घरं द्यायची? जुन्या मशीनना चार झेपतात, नव्या मशीनना आठ. चार घरांत दोनशे चौदा कोटींच्या आसपासचाच आकडा मावतो. त्याच्या पुढं गेला की उलटा फिरून वजा होतो.

ऋषिराज खोटं बोलला नव्हता. सहा सालच्या त्या पहिल्या मशीनला चारच झेपत होती. ते मशीन भंगारात गेलं. त्याचं उत्तर मात्र रहिमाननं जपलं, आणि दर नव्या मशीनच्या गळ्यात इमानानं बांधलं.

त्यानं कागदावर हिशेब केला. धरणातून लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट पाणी, सहा तास. बेरीज दोनशे सोळा कोटी घनफूट. इतकं पाणी वीस वर्षांत कधी सुटलं? एकवीसला सुटलं असेल, पण तेव्हा लाइनच गेली होती आणि सगळा कारभार तोंडी चालला होता. त्याआधी एकदाच. एकोणीसला.

एकोणीसचे आकडे त्याच्या पेनड्राइव्हवर होते. त्यानं ते नव्या दुभाष्यापुढं टाकले. पडदा क्षणभर थांबला आणि ओळी येऊ लागल्या. तारीख, वेळ, बेरीज, सांगणी. दुपारी बारा चाळीसच्या ओळीला लिहिलं होतं : मोटारी सोडा, माणसं वर या.

शेजारी त्यानं नेटवरून साताऱ्याच्या मशीनची त्या दिवशीची नोंद उघडली. तीच तारीख, तीच वेळ. बेरजेच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह. आणि पुढं : पाणी उतरतंय, कामाला हरकत नाही.

त्या दिवशी या पंपघराचा ऑपरेटर सयाजीतात्या होता. बिरदेवचा बाप. फोन आला तशी त्यानं दैनंदिनीत नोंद केली, पाणी उतरतंय तर दुसऱ्या मोटारीचा दोर आवळून येतो म्हणून शिडी उतरला, आणि तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली बाभळीत सापडला. आदल्या दिवशीचा संदेश टॉवरमुळं उशिरा पोचला, असा अहवाल झाला. तो रहिमाननंच टाइप केला होता. मशीनची नोंद त्यानं तेव्हा उघडून पाहिली नव्हती. उघडली असती तर काहीतरी दिसलं असतं, म्हणूनच उघडली नव्हती.

बापाच्या जागेवर बिरदेव लागला, मोबाइलचा नंबरही त्यानं बापाचाच चालू ठेवला. आता तो व्हरांड्यात वाकून रहिमानचा गार झालेला चहा पुन्हा गरम करत होता.

मोबाइलवर धरणाचा अकराचा आकडा आला. पंच्याऐंशी हजार. खाली सूचना होती : एक वाजल्यापासून विसर्ग लाखाच्या वर जाईल.

रहिमाननं आप्पासोंना फोन लावला.

"आप्पासो, साताऱ्याचं मशीन दोन तास बंद ठेवावं लागतंय. दुभाष्या नव्यानं घडवायचाय. इथनंच करतो."

"ऐन पावसात? डोकं फिरलंय का? चालू हाय न्हवं ते?"

"चालू हाय, पर आकडा लाखाच्या वर गेला की उलटं सांगतंय. एकोणीसला तसंच झालं."

पलीकडं खोकल्याचा आवाज आला. "एकोणीसचा अहवाल झालाय. टॉवर हुता तो. तूच लिवलायस."

"व्हय. मीच लिवलाय. चुकीचा लिवलाय."

"निवृत्तीला किती ऱ्हायलीत रं तुझी?"

"चार वर्सं."

"मग गप बस की गड्या. तिथलं नवं मशीन नीट झालंय न्हवं? पुढच्या आठवड्यात त्याच्यावरच समदं घिऊ. गेलेलं कशाला उकरायचं?"

"आवं, पुढचा आठवडा कुठला? एकपासनं लाख सुटतंय. संध्याकाळच्या सातला मशीन एक्केचाळीस गावांस्नी सांगंल, पाणी उतरतंय, जावा नदीत."

आप्पासोंनी विचारलं, "दोन तास गावांस्नी फोन कोण करणार?"

"मशीन घडत असताना मी करतो. आन् बिरदेव."

"त्याला सांगितलंस?"

"न्हाई अजून."

"आदी त्याला सांग," आप्पासो म्हणाले. "मग बंद कर."

फोन ठेवल्यावर रहिमानला वाटलं, त्यांनी ओरडून नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. बिरदेव पेला घेऊन आत आला. सहा फुटी गडी, मनगट एखाद्याच्या पोटरीएवढं. रहिमान खुर्चीतून उठून उभा राहिला. बसून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

त्यानं सांगितलं. मध्ये घरांचं, बेरजेचं सांगायला लागला, तर शब्द अडखळले. शेवटी त्यानं पडद्यावरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "ही साताऱ्याची. ही आत्ताची. तारीख बघ."

बिरदेवनं पेला टेबलावर ठेवला. वाकून दोन्ही ओळी वाचल्या, ओठ हलवत. मग भिंतीतल्या फळीवरून एक दैनंदिनी काढली. चिखलातून निघालेली, उन्हात वाळवलेली. पानं पापडासारखी झाली होती. पान त्याला शोधावं लागलं नाही.

"बारा चाळीस," तो म्हणाला. "तात्यानं पेन्शिलीनं लिवलंय, म्हणून ऱ्हायलं. समदी म्हणाली, म्हातारं ऐकण्यात चुकलं आसंल. आईबी म्हणायची, कानानं कमी हुता म्हणून गेला." त्यानं पान मिटलं नाही. "बरोबर ऐकलं हुतं की मग."

"व्हय."

"तुमाला कवा कळलं?"

"आत्ता. तू च्या गरम करत हुतास तवा."

बिरदेव नदीकडं बघत उभा राहिला. रहिमान त्याच्या हातांकडं बघत होता. त्यातला एक हात वर आला आणि टेबलावरचा लँडलाइन फोन त्यानं स्वतःकडं ओढला.

"यादी द्या," तो म्हणाला. "तुमी मशीन बंद करा."

रहिमाननं साताऱ्याचं मशीन थांबवलं. लाइन न जाता पावसाळ्यात ते गप्प होण्याची वीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. सोर्स उघडला आणि प्रश्न सुरू झाले. तो एकेक वाचत होता. जो कळत नव्हता तो दोनदा वाचत होता, आणि तरी नाही कळला तर वहीतलं उत्तर न पाहता कागदावर तसं लिहून ठेवत होता : कळला नाही. एकशे सतराव्यापाशी मशीननं कंसात आठ सुचवलं. ते पटलं, म्हणून त्यानं एंटर दाबलं.

मागं बिरदेवचा आवाज चालला होता. "संघातनं बोलतोय. मोटारी आत्ताच वर घ्या. दुपारपातूर नदीकाठ रिकामा करा. आवं, मशीन न्हवं, माणूस बोलतोय. बिरदेव, सांगलीच्या पंपघरावरचा. मशीन काय बी म्हणू दे, मी सांगंस्तवर खाली उतरू नगा."

घडणी सुरू झाली तशी रहिमाननंही मोबाइल काढला आणि यादीच्या खालच्या टोकाकडून फोन लावू लागला. यादी ऋषिराजच्या वेळचीच होती. नवे नंबर खाली जोडले जात, जुनं नाव मात्र रहिमाननं कधी काढलं नव्हतं. एक ओळ काढली तर काय कोसळेल, या भीतीनं. बिरदेव ओळीवर काडी ठेवून नंबर फिरवायचा, बोलायचा, नावापुढं खूण करायचा आणि पुढच्यावर जायचा.

विसाव्या की एकविसाव्या ओळीवर तो थांबला. मग नंबर फिरवला, नेहमीच्याच वेगानं.

त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजू लागला.

रहिमाननं वळून पाहिलं. बिरदेव रिसीव्हर कानाला लावून बसला होता. त्यानं खिशाला हात लावला नाही. आठ वेळा वाजून मोबाइल आपोआप बंद झाला. मग त्यानं सयाजीच्या नावापुढं बाकीच्यांसारखीच खूण केली आणि काडी एक ओळ खाली सरकवली.