चौदा मार्चची पाटी

रेणूने स्क्रू-ड्रायव्हर चासीच्या, गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, काळ्या रंगावर टेकवला आणि हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

लोखंडात स्क्रू-ड्रायव्हर असा जात नाही. तिने तो ओढला, तेव्हा टोकाला ओली पुट्टी आणि वर्तमानपत्राचा लगदा लागून आला. लिफ्टवरच्या गाडीतून तपकिरी पाण्याचा थेंब तिच्या मनगटावर पडला आणि बाहीत शिरला.

गाडी सुहासिनीमावशींची. सत्तरी ओलांडलेल्या, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. यजमान गेल्यावर त्यांच्या जुन्या गाडीला मावशींनी विजेची मोटर बसवून घेतली होती आणि रोज दुपारी नातीला, अनयाला, त्या याच गाडीने शाळेतून आणत. मागच्या सीटखालून घाण वास येतो म्हणून आज त्या गाडी इथे, अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या या तपासणी केंद्रात घेऊन आल्या होत्या.

रेणूने लिफ्ट खाली घेतली, मागचं कार्पेट उचललं. कुरतडलेला फोम, लेंड्या, आणि कार्पेटलाच चिकटून चपटा झालेला एक उंदीर. ती श्वास रोखून सीटबेल्टच्या बोल्टपाशी वाकली. दोन बोटांनी ओढला. सडलेल्या पत्र्याच्या चकतीसकट तो हातात आला.

मग तिने दाराच्या चौकटीवरची ॲल्युमिनियमची पाटी पाहिली. बदल केलेल्या जुन्या गाडीला ही पाटी नसेल तर विमा कंपनी दारात उभी करत नाही.

वर्ष: १९६७
बदल: पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटर
चासी, मजला, सीटबेल्ट: उत्तम
तपासणीची तारीख: १४ मार्च
तपासणारी: रेणू बारलिंगे

चौदा मार्चला रेणू बारलिंगे नागपुरात होती.

व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात गेली आणि सहा आठवडे अडकली. निघायच्या आदल्या दिवशी गिरीशकाकांनी, म्हणजे या केंद्राच्या मालकांनी, तपासणीचे दहा कोरे फॉर्म, ज्यांवरून पाट्या बनतात, तिच्यापुढे ठेवले होते. "सह्या करून ठेव गं, कामं अडायला नकोत. बघायला मी आहेच." अमेरिकेतला पहिला महिना ती त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिली होती. त्यांच्याच डायनिंग टेबलावर, एका हाताने पोहे खात, तिने दहा सह्या केल्या. काकांचे दोन्ही गुडघे बदललेले. मंडळाच्या सत्यनारायणालाही ते खुर्चीवर बसतात. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

काका ऑफिसात संत्रं सोलत होते. तिने बोल्ट टेबलावर ठेवला.

"कुठला गं हा?"

"सुहासिनीमावशींच्या गाडीचा. तुम्ही गाडीखाली गेला होतात?"

"माझे गुडघे बघतेस ना? मोटर बसवणाऱ्याने फोटो पाठवले होते. क्लिअर होते फोटो."

"आणि बाकीच्या नऊ?"

"त्यांचेही फोटो आहेत." त्यांनी एक फोड पुढे केली. "घे, गोड आहे."

तिने हात पुढे केला नाही. त्यांनी फोड तोंडात टाकली.

"हे बघ बाळा, ही गाडी ठेवून घेऊ, वेल्डिंग करून देऊ. बाकीच्यांना कशाला घाबरवायचं? स्टेट गव्हर्नमेंटला कळलं तर सही कोणाची निघते? तुझी. जॉब गेला की ग्रीन कार्डची फाइल गेली. मी धमकी नाही देत हं. तू मला मुलीसारखी."

त्यांनी एक बी ओठावर आणून बोल्टशेजारी थुंकली. रेणूने नजर वळवली. ती बराच वेळ उजवा हात पॅन्टला पुसत होती. हात केव्हाच स्वच्छ झाला होता.

गाडीपाशी परत येऊन तिने स्क्रू-ड्रायव्हरने पाटीवरचा एक शब्द खोडला.

चासी, मजला, सीटबेल्ट: ~~उत्तम~~

"उंदीर ना?" बाहेर खुर्चीवर बसलेल्या मावशींनी विचारलं. "माणसं झोपवण्यात जन्म गेला माझा, पण मेलेल्याचा वास चुकत नाही."

"उंदीर आहेच. पण मावशी, गाडी चालवू नका. मजला सडलाय. मागच्या सीटबेल्टचा बोल्ट नुसत्या हाताने निघाला."

"असं कसं? पाटीवर तुझं नाव आहे. अनयाला वाचून दाखवलं मी. म्हटलं, बघ, आपल्या नागपूरची पोरगी."

"मी तेव्हा इथे नव्हते. गाडी मी बघितलेलीच नाही."

"मग सही?"

"माझीच. कोऱ्या फॉर्मवर."

मावशींनी शाळेला फोन लावला आणि अनया आज बसने येईल असं शांतपणे सांगितलं. शाळेने दुसऱ्यांदा नाव विचारलं तेव्हा स्पेलिंगही सांगितलं. मग रेणूकडे न पाहताच शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"अशा अजून किती?"

"नऊ."

"बस इथे. फोन लाव त्यांना."

"काकांशी एकदा बोलून—"

"माझ्यासमोर लाव. आणि नाव सांगून बोल."

ऑफिसातली खुर्ची करकरली. गिरीशकाका दारात येऊन उभे राहिले, हातात संत्र्याची सालं. रेणूने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फोनमधली गिऱ्हाइकांची यादी उघडली आणि त्या नऊंतला पहिलाच नंबर लावला.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. आवाजामागे इंडिकेटरची टिकटिक होती.

"नमस्कार, मी रेणू बारलिंगे. तुम्ही गाडीत आहात का?"

"अरे, रेणू! हो, आत्ताच हायवेला लागतोय," पलीकडचा माणूस आनंदाने म्हणाला. "तू स्पीकरवर आहेस, सगळे ऐकतायत. बोल."