जो हलवेल त्याने

सुमेधा चौथ्यांदा ओटीवरून उठली, न्हाणीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. चारला मीटिंग. तिच्या गटाने बांधलेलं रनटाइम, म्हणजे इतर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, प्रोसेसरच्या सोळा कोअरवर हजारदा चालवलं, तर एकदा मध्येच कोसळत होतं. प्रोग्रॅम चालू असतानाच रनटाइममधला सफाईवाला भाग मेमरीतल्या लागणाऱ्या वस्तूंवर खूण करत जाई. खूण नसेल ते फेकून देई. कधीतरी तो लागणारंच फेकत होता. कोअरना कामं वाटणारा भाग तिचा सहकारी कौस्तुभचा. दोष तिथेच, असं सुमेधानेच कळवलं होतं. चारला त्याचं वर्षाचं काम मोडीत निघणार होतं. तरी तिच्या मनाला स्वस्थता नव्हती.

बाहेर वाडीत सासरे, भालचंद्र, सोनचाफ्याच्या जगलेल्या कलमांना चुन्याचं बोट लावत चालले होते. मागून गडी बळीराम बिनचुन्याची कलमं खड्ड्यात टाकत होता.

"अहो, माझं जगलेलं कलम खड्ड्यात!" सासूबाई ओरडल्या.

"चुना कुठं होता, काकी? मला काय सपान पडनार?" बळीराम म्हणाला.

"ह्यांनीच लावला नाही!"

"मी त्या रांगेतून गेलो तेव्हा ते तिथे होतंच कुठे?" भालचंद्र म्हणाले. "पुढच्या रांगेतलं उचलून तूच मागे सावलीत ठेवलंस. जो हलवेल त्याने चुना लावायचा."

"म्हणजे दर खेपेला डबा घेऊन फिरू? कामं कधी उरकायची?"

सुमेधाने लॅपटॉप पुढे ओढला. कामं कधी उरकायची! हेच म्हणून तिने तीन महिन्यांपूर्वी एक ओळ काढली होती. वस्तू हलवणाऱ्या कोअरनेच खूण करावी, अशी ती ओळ. वेग वाढला, शाबासकी मिळाली. तिने जुनी नोंद उघडली. ओळ खोडलेली, खाली तिचंच नाव.

ओळ परत घालून तिने चाचणी लावली. तास तरी लागणार होता, आणि पावणेचार वाजले होते. तिने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"काय गं," कौस्तुभ म्हणाला, "माझं श्राद्ध चारलाच ना? पिंड तयार?"

"तुझं नाही. खुणेची ओळ मी काढली होती. तुझा भाग शुद्ध आहे."

तो म्हणाला, "ओळ परत घातलीस तर वेग पडेल."

"पडू दे. चारला आधी मी बोलते."

बाहेर सासूबाई खड्ड्यात उतरून कलम शोधत होत्या. चुन्याचा डबा त्यांनी काखेत मारला होता.