एकेचाळीस हुमेल

चंद्रशेखरला भुंग्यांविषयी काडीचं प्रेम नव्हतं. त्याला हवं होतं समाजसेवेचं सर्टिफिकेट, जर्मन नागरिकत्वाच्या अर्जाला जोडायला. पण मी दोन महिन्यांसाठी पुण्याला निघाले होते आणि झिंडेलफिंगेनच्या आमच्या वस्तीत दुसरं कोणी तयार नव्हतं.

काम पोरखेळाचं. इमारतींमागच्या कुरणातून ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचं आणि दिसतील तेवढे केसाळ भुंगे, म्हणजे इथले हुमेल, मोजून अ‍ॅपमध्ये टाकायचे. चार वर्षं मी मोजत होते आणि चार वर्षं ते कमीच होत होते. यंदाच्या मे महिन्यातही घटले, तर ऑगस्टपर्यंत गवत कापायचं नाही, असं इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीने मोठ्या मुश्किलीने कबूल केलं होतं.

जूनमध्ये परतले तर कुरणाची हजामत झालेली. एक फूल शिल्लक नाही. कंपनीचं पत्र होतं: हुमेल वाढल्याबद्दल अभिनंदन.

मी तडक चंद्रशेखरचं दार वाजवलं.

"मे महिन्यात खरोखर किती दिसले?"

"एकही नाही हो, शमिकाताई. तासभर फिरलो, ऊनही मस्त होतं."

"मग एकेचाळीस कुठून आले?"

"आल्झो, म्हणजे असं बघा, शून्य कसं दाखवणार? आपण काही कामच केलं नाही असं वाटतं ना! ऑफिसात मी टीमला तेच सांगतो, रिपोर्ट रिकामा जाता कामा नये."

अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला हा शहाणा! वरच्यांना गोड दिसेल तेच दाखवायचं, खाली काही का होईना. अरे गाढवा, शून्य हीच तर बातमी होती! त्या शून्यासाठी मी चार उन्हाळे मान मोडून फिरले होते. मला त्याची किळस आली.

"आत्ताच्या आत्ता खरं लिहून कळव," मी म्हटलं.

"कळवतो. पण ताई," तो चाचरत म्हणाला, "तुम्हीच तर अप्रूव्ह केलंत."

केलं होतं. वाट माझ्या नावावर, म्हणून आकडे मंजुरीला माझ्याकडे येत. पुण्यात नणंदेकडे जेवताना फोनवर एकेचाळीस दिसले. चार वर्षांत कधीच इतके नव्हते. विचारायला हवं होतं. मी मात्र सगळ्यांना आनंदाने सांगितलं, "आमचे हुमेल परत आले!" आणि उष्ट्या हातानेच बटण दाबलं.