दोन बोटं उंच

"थांबवा ती! पोरीला आणायची हाय का सुपात घालून पाखडायची हाय?"

पालघर स्टेशनामागच्या मैदानात कमलाकांतने जीप थांबवली. हंसा, त्याची बायको, पदर सावरत उतरायला गेली. पाय लवकर जमिनीला लागेना, तशी आणखी भडकली.

"आन् एवडी उंच कशाला केली?"

"एवडी कुटं? दोन बोटं तर उचलली."

ते खरंच होतं. लष्कराच्या लिलावातली भंगार जीप त्याने स्वतः उभी केली होती. मासेमारीच्या घरात जन्मून हातात पाना धरलेला माणूस. मुरबेची मासळी स्टेशनला आणायचा आणि एकंदर बरं चाललं होतं. मागच्या वर्षी लेकीला, मंजुळाला, पहिल्या बाळंतपणाला मुरबेच्या सासरहून माहेरी आणताना मात्र घात झाला. मिठागराजवळ चाकं बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत उतरली, मधल्या उंचवट्यावर मागचा आस टेकला आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली. पोरीला तिथेच कळा लागल्या. कुणाची तरी बैलगाडी येईपर्यंत मूल जन्मलं होतं. ते रडलं नाही.

तेव्हापासून हा माणूस धड बसला नव्हता. जेवायचा तोसुद्धा एक गुडघा उभा ठेवून, आत्ता कुणी हाक मारील अशा बेताने. आता मंजुळाला पुन्हा दिवस गेले होते आणि जीपने त्याचा जीव खाल्ला होता. आस उंच हवा तर टायर मोठे हवेत. तारापूरच्या बांधकामावरून त्याने ते मिळवले. पण मोठे टायर वळताना मडगार्डला घासायला लागले, म्हणून चारी स्प्रिंगांत एकेक जादा पाटा घालून त्याने जीपचं अंग वर उचललं. आणखी उचलायचा मोह झाला होता. पण फार उंच केली तर वळणावर कलंडेल, हे त्याला कळत होतं. सगळं मापात केलं, आणि जादा पाट्यांनी जीप अशी ताठ झाली की खड्डा दिसायचा अवकाश, बसलेला माणूस उडायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसा बघते तर हा मागे धोंडे भरतोय.

"ह्ये काय?"

"रिकामी होडी डुलते म्हणून तिच्यात धोंडे घालतात ना? वजन पडलं का पाटे दबतील. नरम चालेल."

"अवो, जीप हाय ती. होडी नाय."

पण मुरबेच्या वाटेवर जीप खरंच नरम चालली. हंसाने ते कबूल केलं नाही, नुसती कड धरायची सोडली. मिठागराजवळ त्याने वेग कमी केला. दोघांनीही श्वास धरला. खालून काहीच लागलं नाही. उंचवटा मागे पडला आणि कमलाकांतला रडूच फुटलं. हंसाने समुद्राकडे तोंड फिरवलं, त्याला नीट रडता यावं म्हणून.

मुरबेला मंजुळा ओट्यावर बोंबील निवडत होती. पोट चांगलंच पुढे आलेलं. तिची सासू जमनाबाई पाणी घेऊन बाहेर आली आणि तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. तिला रीत ठाऊक होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा आईबापांनी प्यायचं नाही. दोघं आपली बाटली घेऊनच यायची.

"चल माय," कमलाकांत म्हणाला. "आता कुटं टेकत नाय. बघून आलो."

जीप उंच, पोर अवघडलेली. त्याने भराभर धोंडे उतरवून पायरी रचली, हलवून बघितली, पुन्हा रचली. मंजुळा एक पाय धोंड्यावर ठेवून उभी राहिली. हात जीपच्या कडेला. मग तिने पाय परत खाली घेतला.

"बाबा, माज्यानं नाय व्हायाचं."

"अगं, टायर बघ केवडे—"

"जीप चांगली हाय बाबा. मला त्या वाटंचं भ्या वाटते. चाकांचा तो आवाज अजून कानात हाय. मी हितंच ऱ्हाते."

कमलाकांत जीपच्या चाकाशी उकिडवा बसला. इतके दिवस लोखंड कापलं, ठोकलं, उचललं, आणि पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. जमनाबाई चाचरत म्हणाली, "सुईण शेजारीच हाय, व्याही. मी जपीन तिला."

हंसाने बाटली उचलली. "चला मग. ऊन चढतंय."

तो उठला, जीप वळवली आणि तिचं तोंड पालघरच्या वाटेकडे करून बंद केली. मग परत येऊन त्या धोंड्यांच्या पायरीवर बसला. चक्क मांडी घालून.

"अवो?" हंसा म्हणाली.

"मी हितंच हाय. तिला मूल होईस्तवर. लागली तर जीप तयार हाय, नाय लागली तर उभी ऱ्हाऊ दे."

"आन् खाल प्याल काय?"

त्याने ओट्यावरच्या तांब्याकडे बघून हात पुढे केला. जमनाबाई घुटमळली. मंजुळानेच तो उचलला, सावकाश वाकून त्याच्या हातात दिला.

पाणी मचूळ होतं. ते सगळं पिऊन त्याने रिकामा तांब्या पुन्हा लेकीपुढे धरला.

"तुज्या आयलाबी दे," तो म्हणाला.