नळीतलं वारं

कोंडाबाई गेली हे गावाला कळलं, त्या दिवशी गोरोबाला रडता रडता मधेच हसू फुटलं. लोकांना तो हुंदका वाटला, हे एक बरं झालं.

छातीत दुखतंय म्हणून थोरला मुलगा कुमार तिला पहाटेच जीपमध्ये घालून कळंबला घेऊन गेला होता. गोरोबा गुरांची धार काढायला मागं थांबला. दिवस उगवायला फोन आला, "आबा, आई गेली. हृदयाचा झटका म्हणतेत." बातमी गल्लीत पसरली आणि अंगण भरलं. शेजारची इरम्मा आली ती उंबऱ्यावर आदळलीच.

"अय्यो, माझी येडाई गेली गं! बाई नव्हती ती, देवी व्हती! म्या ह्या डोळ्यांनी तिच्या अंगात वारं बघितलंय!"

येरमाळ्याच्या देवीचं, येडाईचं नाव निघताच बायकांनी हात जोडले. दोघीतिघींनी गोरोबाच्याच पायाला हात लावला. तिथंच त्याला हसू फुटलं. कारण ते वारं कसलं होतं, हे घरात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातली एक आता बोलणार नव्हती. "इरम्माला खरं काय ते मी सांगीन, तुमी मधी तोंड घालू नका," असं कोंडाबाई म्हणायची. आता ते सांगणं गोरोबाच्या गळ्यात पडलं.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. कोंडाबाईच्या मणक्यात जंतू झाले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या दंडातून थेट काळजाजवळ जाणारी एक बारीक नळी बसवली आणि सांगितलं, औषध रोज सलाइनमधून द्यायचं, चांगलं महिना-दीड महिना. दवाखान्याला कोंडाबाई चार दिवसांतच विटली. "मला घरी न्या. हितं चहाला बी फिनेलचा वास येतो." डॉक्टर म्हणाले, घरचं कोणी नीट शिकत असेल तर न्या, पण काही चुकलं तर परत इथंच.

शिकला गोरोबा. जन्मभर ढोकीच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहिलेला माणूस. येरमाळ्याहून स्कूटीवर येणाऱ्या प्रतीक्षा सिस्टरनं त्याला बादलीपुढं बसवून धडे दिले.

"काका, बाटलीखालचा हा फुगा दाबून अर्धा भरायचा. मग नळीवरचा हा खटका सोडायचा. टोकातून थेंब पडेपर्यंत नळी भरू द्यायची, मधे हवा राहिली नाही पाहिजे. मग खटका बंद. काकूंच्या दंडावरच्या नळीचं तोंड पुसून घ्यायचं आणि मगच जोडायचं. टोकाला बोट लावायचं नाही."

"म्हंजी डिझेलातलं वारं काढतो तसंच की," गोरोबा खुलला. त्याच्या बोलीत टायरात असते ती हवा, आणि नको तिथं शिरतं ते वारं. "नट ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस गेला की आवळायचं."

"तसंच. फक्त तिथं तुम्ही इंजिनाला जोडलेलं असताना काढता. इथं काकूंना जोडायच्या आधी. जोडल्यावर नट ढिला करायचा नाही."

"आन् चालू व्हयना म्हणून उतारावरनं ढकलायचं बी न्हाय," कोंडाबाई खाटेवरून म्हणाली. सिस्टर हसून हसून बादलीत पडायची राहिली.

मग तिनं महत्त्वाचं सांगितलं. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तर त्यानं जीव जात नाही, पण तोही घालवायचाच. खटका बंद करायचा, नळी ताणून धरायची आणि टिचक्या मारायच्या, म्हणजे तो वर फुग्यात जातो. बोटभर लांब हवा दिसली तर टिचक्या नाहीत, काही नाही. आधी खटका, मग फोन. आणि दम लागला, छातीत दुखलं, तर डाव्या कुशीवर, डोकं खाली, पाय वर, आणि एकशे आठची गाडी.

गोरोबानं ते पाठ केलं. रोज सकाळी हात धुऊन तो बसायचा आणि नळीला टिचक्या मारायचा. कोंडाबाई म्हणायची, "इतक्या लाडानं मला कधी टिचकी मारली न्हाय." त्यावर तो लाजायचा. साठी उलटलेला माणूस, कानापर्यंत लाल व्हायचा.

मग तो दिवस आला. कोंडाबाईनं केस धुऊन मोकळे सोडले होते आणि तो खाटेजवळ बसला होता. दोघांचं भांडण लागलं होतं, लग्नात वरातीच्या बैलगाडीचं चाक निखळलं ते कोणाच्या मामामुळं. भांडणात बाटली कधी संपली, कळलंच नाही. फुगा रिकामा झाला आणि गोरोबाला दिसलं, बोटभर पांढरा तुकडा नळीतून खाली सरकतोय.

"वारं! कोंडे, वारं आलं!"

खटका त्यानं तेवढ्याच झपाट्यानं आवळला. पण कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांच्या वर ओरडायची सवय असलेला गळा तो. पलीकडं इरम्मा पापड लाटत होती. तिला ऐकू आलं, कोंडीच्या अंगात वारं आलं! आता अंगात वारं येतं ते देवीचंच. पिठाच्या हातानं हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ती धावत आली. बघते तर कोंडाबाई केस मोकळे सोडून, डोळे वटारून बसलेली. इरम्मानं जमिनीला डोकं टेकलं.

"आई येडेश्वरी, आलीस गं!"

गोरोबाचा सिस्टरला फोन लागला होता, आवाज मोठा केलेला. "काका, खटका बंद आहे ना? मी निघालेच. तोपर्यंत डाव्या कुशीवर घ्या, डोकं खाली!"

"कोण गं ती सटवी, देवीला आडवं पाडणारी?" इरम्मा फोनवर खेकसली.

गोरोबानं उशा पायाखाली घातल्या आणि बायकोला कुशीवर निजवलं. "दम लागतोय का? छातीत काय होतंय?" कोंडाबाईनं मान हलवली. तिनं नळीकडं बघितलं. पांढरा तुकडा खटक्याच्या वरच अडकून बसला होता. मग तिनं इरम्माच्या कुंकवानं भरलेल्या कपाळाकडं बघितलं, आणि गोरोबाला कळलं की आता ही काहीतरी करणार.

"इरम्मा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बोल गं आई!"

"पुरणाची चाळण नेलीस. कवा देनार?"

इरम्मा दचकली. "देवीला बी चाळन लागती?"

"देवीला समदं लागतं."

"उद्याच देते आई! पर एक सांग. माझा भाऊ वीरप्पा, उमरग्याचा. वाटनीच्या आंब्यावरनं बोलनं तुटलंय. लई वर्सं झाली. काय करू?"

कोंडाबाईचं हसू मावळलं. "तूच जा. पयलं तूच बोल. आन् आंब्याचं नाव काढू नको."

तेवढ्यात स्कूटी आली. सिस्टरनं नाडी बघितली, श्वास बघितला, बोटाला चिमटा लावून बघितला, मग नळी. "आत काहीच गेलेलं नाही." तिनं बाटलीकडची नळी दंडापासून सोडवली आणि फेकून दिली. डॉक्टरांना फोन लावला. सोलापूरला परत न्यावं लागतंय का, या धास्तीनं नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले. सिस्टरनं फोन ठेवला. "घरीच राहू द्या म्हणाले. काका, आधी खटका, मग फोन, बरोबर केलंत. फक्त बाटली कोरडी पडू द्यायची नाही. आणि ओरडायचं कमी."

इरम्मा खरंच उमरग्याला गेली. परत आली ती वीरप्पाच्या मोटारसायकलवर मागं बसून. मिशाळ, धिप्पाड गडी, त्यानं कोंडाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. कोंडाबाई पदर तोंडात कोंबून खोकत राहिली.

"सांग की आता तिला," गोरोबा म्हणाला.

"सांगते. आधी वीरप्पाच्या पोरीचं लगीन हू द्या, तिथंच समद्यांम्होरं सांगते. कशी हसतेत बघा." सलाइन संपलं, नळी निघाली, मणका बरा झाला. लग्नाची तारीख पुढं गेली, ती माघात धरली. कोंडाबाई पौषात गेली.

तेराव्याला इरम्मा आणि वीरप्पा दोघं आले. जेवणं झाल्यावर गोरोबानं इरम्माला बाजूला घेतलं.

"इरम्मा, ते वारं..."

"काय सांगू नका भावजी. म्या बघितलंय. केवढं वारं व्हतं ते!"

"बोटभर."

"काय?"

"बोटभर व्हतं म्हणलं."

इरम्मा त्याच्याकडं बघत राहिली. डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिकडून वीरप्पानं हाक मारली, "अक्का, चल, लग्नाची कामं पडलीत, अंधाराच्या आत उमरगा गाठू." अक्का म्हणताना तो गडी लहान पोरासारखा दिसला. ती पदर खोचत गाडीवर बसली.

लग्न माघात झालं. गोरोबा गेला, अक्षता टाकल्या, जेवला, परत आला. इरम्माला सांगायचं अजून राहिलं आहे.